लाल दिव्याचा शास्त्रशुद्ध पाठलाग

बुधवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ७.२०

आज पुन्हा जीपला धक्का. आई, बाबा आणि समोरची शिवणवाली असे तिघं ढकलत होते. मी स्टिअरिंगवर. विचार करणारं एक माणूस आत हवंच.

जीप सुरू झाल्यावर आई धापा टाकत स्वयंपाकघरात आली आणि दूधवाल्याच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुली मारली. हे काय, असं विचारलं. म्हणाली, धक्क्याचा दिवस आहे, तुझ्या बापाला महिनाअखेरीस दाखवणार. कालच्या चौकोनात एक आडवी रेघही होती. तीही तक्रारच असणार. आईकडे तक्रारींचा तुटवडा नाही. पद्धत मात्र नाही.

पद्धत माझ्याकडे आहे. या घरातली पहिली पदवीधर मी. विषय पदार्थविज्ञान. विद्युतमंडलांच्या प्रात्यक्षिकात वीसपैकी अठरा. पदवी चौकटीत घालून भिंतीवर लावली आहे आणि त्याच खिळ्याला बाबा जीपची किल्ली अडकवतात. मी दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणतात, दोन्ही महत्त्वाच्या वस्तू एका जागी असल्या की सापडतात.

आजपासून जीपचा आजार मी हातात घेत आहे. ही वही फक्त माझ्यासाठी. (तरी अक्षर नीट काढायचं.)

त्याच दिवशी, सकाळी १०

समस्येची मांडणी.

जीप फोर व्हील ड्राइव्ह, वय माझ्याहून दोन वर्षांनी जास्त. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा आहे. तो एरवी विझलेला असायला हवा. लागला, की समजायचं इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर बॅटरीला काही देत नाही. मग दिवसभर बॅटरी नुसतीच खर्च होते आणि दुसऱ्या सकाळी आई ढकलते. त्यानंतर जीप आपोआप बरी. पुन्हा कधीतरी लाल.

वायरमनकाकांकडे दोनदा नेली. दोन्ही वेळा दिवा लागलाच नाही. बाबांची सवय अशी की गाडी दुरुस्तीला न्यायची तर सगळं सामान उतरवून, आतबाहेर धुऊन, पुसून न्यायची. म्हणतात, डॉक्टरकडे माणूस अंघोळ करून जातो. काका चिडले. म्हणाले, तुम्ही दरवेळी नवरदेव घेऊन येता, रोगी कधी आणणार?

काय पणाला लागलं आहे: मंगळवारी आणि शुक्रवारी जीप आरोग्य केंद्राच्या सिस्टरना आणि लसींच्या थंड डब्याला वरच्या तीन वस्त्यांवर नेते. तिथे साधी गाडी पोचत नाही. डॉक्टरांनी बाबांना बजावलं आहे की चोवीस तारखेच्या फेरीला ते स्वतः येणार. गाडी वाटेत रुसली तर फेरी दुसऱ्याला. फेरी गेली तर जीप विकायची, असं बाबा आईला सांगत होते. हळू आवाजात. मी पलीकडच्या खोलीत होते, पण घर केवढं.

आणि जीप गेली तर माझं फिरतं वाचनालय गेलं. मंगळवारी-शुक्रवारी मी पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं भरून त्याच फेरीत वर जाते. वरच्या लोकांना ज्ञानाची ओढ आहे. अजून ती बाहेर आलेली नाही, एवढंच.

बाबांकडून वचन घेतलं: चोवीसपर्यंत वायरमनकाकांकडे जायचं नाही. बाबा म्हणाले, शिकलीस ना, बघ मग. हे विश्वासानं म्हणाले की दमून, ते नक्की सांगता येत नाही. विश्वासानं, असं धरते.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. दुपारी

कॉलेजच्या ग्रंथालयातून उतरवून आणलेली या जीपची वायरिंगची आकृती भिंतीवर लावली. चार रंगांत. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ती बारीक वायर सहा वर्षांपूर्वी जळाली होती, तेव्हा आपण दुसरी टाकली ना, ती... मी त्यांना नम्रपणे थांबवलं. म्हटलं, बाबा, आठवणीप्रमाणे नको, आकृतीप्रमाणे बोलू. बाबा बाहेर जाऊन टायरची हवा बघू लागले.

अंगणात मोजमाप. बॅटरी डाव्या सीटखाली. फेरीच्या दिवशी ट्रंकही तिथेच असते, सीटखाली बॅटरीला टेकून, कारण मागे सगळा लसींचा संसार. तेव्हा मीटर लावायचा तर आधी ट्रंक उतरवावी लागते. आज ती घरातच. इंजिन चालू. १४.२ व्होल्ट. आदर्श.

निष्कर्ष: जीप निरोगी आहे. आजार कुठेतरी बाहेर आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. दुपारी १, दुसरी वस्ती

सव्वादहाला, पहिल्या मोठ्या चढावर दिवा लागला! मी ओरडले. सिस्टर दचकल्या. त्यांच्या हातातली यादी खाली गेली. म्हणाल्या, प्रोफेसर, आनंद झाला की अपघात, ते आधी सांगत जा.

जीप थांबवायला लावली. ट्रंक उतरवली, सीट उचलली, मीटर लावला. १४.२. डॅशबोर्डकडे पाहते तर दिवा विझलेला. ट्रंक परत आत, जीप पुढे, शंभर पावलांवर दिवा पुन्हा लाल. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा बाबांनी इंजिन बंद केलं नाही आणि माझ्याकडेही पाहिलं नाही.

याला विज्ञानात आधार आहे. निरीक्षण केल्यानं निरीक्षणाची वस्तू बदलते. मीटर दिसला की दिवा विझतो. अर्थात हे सूक्ष्म कणांबद्दल आहे, जीपबद्दल कुणी अजून तपासलेलं नाही. नवं क्षेत्र.

वाचनालय: दोन पुस्तकं गेली. एक आजोबा शब्दकोश घेऊन गेले. वाचायला नव्हे, खिडकीचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून. तरी सुरुवात आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी

धक्का. फुली.

आई म्हणाली, काल ट्रंक नेलीस ना? मग दिवा लागणारच. मी विचारलं, असं का म्हणतेस? म्हणाली, मला काय माहीत, लागतो एवढं खरं.

आईजवळ बसून तिला शांतपणे समजावलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर कावळ्यानं फांदी मोडली असं होत नाही. यालाच अंधश्रद्धा म्हणतात. सुमारे वीस मिनिटं बोलले. आई मान डोलवत होती आणि फरशीवरचे ओरखडे घासत होती. शेवटी म्हणाली, कावळा दर मंगळवारी नि शुक्रवारी बसतो का गं?

विषयांतर.

रविवार, ८ फेब्रुवारी

बाबा काल एकटेच सिमेंटची पोती घेऊन वर गेले होते. तोच रस्ता, तोच चढ, वजन तिप्पट. दिवा लागला नाही म्हणतात. ही नोंद घेता येणार नाही. निरीक्षक अप्रशिक्षित. मी जातीनं पाहिलेल्याच गोष्टी धरायच्या, असा नियम वहीच्या मागच्या पानावर लिहिला आहे.

माझ्या नोंदींनुसार मी पाहिलेल्या प्रत्येक फेरीत दिवा लागला आहे. म्हणजे आजार अधूनमधूनचा नाही, कायमचा आहे. सगळे उगाच मधूनमधून म्हणतात.

सिद्धांत १: उंची. वर हवा विरळ.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सिद्धांत १ बाद. टेकडीची उंची पुस्तकात पाहिली. एवढ्या उंचीवर हवा विरळ होत असती तर आमच्या गच्चीवर आई बेशुद्ध पडली असती.

सिद्धांत २: ओढा. चाकांनी उडालेलं पाणी अल्टरनेटरवर जातं. पडताळणीसाठी बाबांना ओढा पुन्हा ओलांडायला लावला. मग पुन्हा. चौथ्या वेळी सिस्टर खाली उतरल्या, लसींचा डबा उचलला आणि दगडांवरून चालत पलीकडे गेल्या. म्हणाल्या, तुमची पूजा आटोपली की या. चढाच्या वरच्या टोकाला दिवा लागला. ओढा तेव्हा दोन किलोमीटर मागे होता.

पाण्याचा परिणाम उशिरा दिसतो, असं म्हणता येईल.

बुधवारी, म्हणजे उद्या, धक्का लागला नाही तर सिद्धांत २ बळकट.

बुधवार, ११ फेब्रुवारी

धक्का. शिवणवालीनं आज विचारलं, ही मुलगी नेहमी आत का बसते?

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.१०

यश!!

आज दिवसभर दिवा लागला नाही. एकदाही नाही. तीनही वस्त्या, जाताना आणि येताना.

कारण उघड आहे. काल मी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल ब्रशनं घासले, गरम पाण्यानं धुतले आणि वर व्हॅसलीन लावलं. एकूण दोन तास. आज त्याचं फळ. माणसानं पद्धत सोडू नये.

आजच्या बाकीच्या परिस्थितीची नोंद (पूर्णतेसाठी): हवा कोरडी. बाबांचा शर्ट निळा. सिस्टरांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी माझी ट्रंक सीटखालून पुढे ओढून घेतली आणि येता-जाता तिच्यावर पाय ठेवून बसल्या. वाचनालयावर पाय ठेवणं मला आवडलं नाही, पण वयाचा मान ठेवला.

बाबांना सांगितलं, झालं काम. बाबा उतरणीवर शीळ वाजवू लागले. कितीतरी दिवसांनी ऐकली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

धक्का नाही. जीप किल्लीला सुरू. कॅलेंडरवर काल रेघ आहे, आज फुली नाही. आई त्या चौकोनाकडे पाहत उभी होती. म्हणाली, हे कसं काय चुकलं? मी म्हटलं, चुकलं नाही आई, सुधारलं.

दुपारी वायरमनकाकांच्या दुकानावरून मुद्दाम गेले. मीच सांगितलं, सापडलं म्हणून. काका एका ट्रकखाली होते. तिथूनच म्हणाले, काय होतं? म्हटलं, टर्मिनल. काका म्हणाले, ते मी दोन्ही वेळा साफ केले होते बाई. मी हसले. साफ करणं वेगळं आणि पद्धतशीर साफ करणं वेगळं.

अहवाल लिहायला घेतला. नाव: चढावरील वाहनाच्या अनियमित चार्जिंगचा एक अभ्यास. चोवीस तारखेला डॉक्टरांना प्रत द्यायची.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. सकाळी

अहवाल बारा पानी झाला. संदर्भासाठी कॉलेजातून विद्युतशास्त्राचे पाच जाड खंड आणले आहेत. ते ट्रंकेतच ठेवले. वरच्या लोकांनी गोष्टीची पुस्तकं मागितली होती, ती दोन काढून ठेवावी लागली. जागा मर्यादित. ज्ञान आधी.

ट्रंक उचलायला आता दोघं लागतात. आईनं एक बाजू धरली. दारातून बाहेर नेताना फरशीवर कर्र असा आवाज झाला. आईनं डोळे मिटले.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. रात्र नाही, संध्याकाळच आहे, पण रात्रीसारखं वाटतं

दिवा लागला. पहिल्याच चढावर. आणि यावेळी येताना उतरणीवरही विझला नाही. इतका वाईट दिवस आजवर झाला नव्हता.

सिस्टरांनी पाय ठेवायला ट्रंक ओढून पाहिली, हलली नाही. म्हणाल्या, प्रोफेसर, आत काय, दगड? मी म्हटलं, विद्युतशास्त्र. म्हणाल्या, एकच.

तिसऱ्या वस्तीवर जीप किल्लीला सुरू होईना. उताराला लावली होती म्हणून गडगडत सुरू झाली. बाबांनी शीळ वाजवली नाही.

अहवालात तेरावं पान जोडलं. शीर्षक: पुनरागमन.

बुधवार, १८ फेब्रुवारी

धक्का. आज दोनदा ढकलावी लागली. आईनं दोन फुल्या मारल्या.

बाबा म्हणाले, काकांना एकदा वरच्या फेरीला सोबत नेऊ या का. चालत्या गाडीत बघतील. मी वचनाची आठवण करून दिली. संध्याकाळी काका स्वतःच आले. म्हणाले, मी शुक्रवारी येतो बरोबर, मागे बसेन कुठेतरी. मी स्पष्ट सांगितलं की जागा नाही. पुढे बाबा, मी, सिस्टर. मागे लसी. सीटखाली ट्रंक. काका म्हणाले, ट्रंक ठेवा की एक दिवस घरी. म्हटलं, वाचनालय एका माणसाच्या सोयीसाठी बंद राहत नाही. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. काका जाताना म्हणाले, दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, चालू द्या.

कुणाला उद्देशून म्हणाले, कळलं नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

नियंत्रित प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

खूप विचार करून एका निष्कर्षाशी आले होते. दिवा चढावर लागतो. चढावर भार मागे सरकतो. डाव्या सीटखाली बॅटरी. डाव्या सीटवर कोण? सिस्टर. मी त्यांना अत्यंत आदरानं सांगितलं की तुमच्या वजनाचा संशय आहे, आजच्या दिवस मागे बसा.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. लसींच्या डब्याशी बोलल्या. डब्याला म्हणाल्या, सतरा वर्षं मी या रस्त्यानं जातेय बाबा, आजवर दिवा कुणाचा लागला नव्हता.

सीट रिकामी ठेवली. सीटवर वजन शून्य. दिवा लागला.

सिद्ध झालं: डाव्या सीटच्या जागेचा या आजाराशी कोणताही संबंध नाही. अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ती जागा पुन्हा तपासण्यात वेळ घालवायचा नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

परवा डॉक्टर.

बाबा जीप धूत होते. आज धुण्याचा दिवस नव्हता. मडगार्डच्या आतला चिखल बोटानं काढत होते. मी अहवालाची अठरा पानं वाचून दाखवू का, असं विचारलं. म्हणाले, वाच. ऐकता ऐकता एकदा म्हणाले, एवढं सगळं त्या दिव्यात आहे होय. मग हात पुसून म्हणाले, बाळ, परवा नाही जमलं तरी तू मनाला लावून घेऊ नकोस. गाडी म्हातारी झालीय.

मला हे आवडलं नाही. हे वाक्य निकालानंतर बोलायचं असतं.

ठराव: परवा जीप बंद पडू द्यायची नाही. वरचे तिन्ही थांबे उतारावर. इंजिन शक्यतो बंद करायचं नाही. अहवालाच्या तीन प्रती, मीटर, पाच खंड, पाना-पकड, ब्रश, व्हॅसलीन, सगळं ट्रंकेत. कशाची कमतरता नको.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

क्रमानं लिहिते.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टर आले तेव्हा बाबांनी डावी सीट स्वतःच्या रुमालानं पुसली आणि रुमाल पुन्हा खिशात ठेवला. सिस्टर आणि मी मागे, लसींशेजारी.

डॉक्टरांना अहवाल दिला. त्यांनी हातात घेऊन वजन पाहिलं आणि मांडीवर ठेवला. पहिल्या चढावर दिवा लागला. डॉक्टर म्हणाले, हा तो का? मी मागून म्हटलं, हो सर, पान चार.

पहिली वस्ती, उतार, ठीक. दुसरी वस्ती, उतार, ठीक. तिसऱ्या वस्तीवर उताराच्या जागी कुणीतरी विटा रचलेल्या. जीप सपाटीवर लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, इंजिन बंद करा, धुरानं मुलं खोकतात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बंद केलं.

एकतीस मुलांना लसी टोचल्या. निघताना बाबांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. बाबा किल्ली हातात धरून समोर पाहत राहिले. त्यांनी काही कारण सांगितलं नाही, जीपला शिवी दिली नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मी अहवालातलं एक वाक्य बोलणार होते. बोलले नाही.

डॉक्टर उतरले. बाह्या वर केल्या. म्हणाले, ढकलू या. मीही उतरले. पहिल्यांदाच मागून हात लावला. ढकलायला किती जोर लागतो, हे कुठल्या खंडात नाही.

जीप हलेना. डॉक्टर म्हणाले, आधी जड सामान काढा. सिस्टर मला डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, विद्युतशास्त्र काढा. ट्रंक चौघांनी उतरवून शाळेच्या ओट्यावर ठेवली. ढकललं. सुरू झाली.

दिवा विझलेला.

ट्रंक परत ठेवायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, राहू द्या ती इथेच, मला पुन्हा ढकलायची हौस नाही. आलो तसे निघालो. सगळी उतरण, ओढा, शेवटचा छोटा चढ. मी मागून बाबांच्या खांद्यावरून सगळा वेळ दिव्याकडे पाहत होते. लागला नाही. सिस्टरही पाहत होत्या. दिव्याकडे नव्हे, माझ्याकडे.

डॉक्टर आरोग्य केंद्रापाशी उतरताना बाबांना म्हणाले, निर्णय शुक्रवारी सकाळी कळवतो.

योगायोग असू शकतो.

बुधवार, २५ फेब्रुवारी. सकाळी ७.१५

बाबांनी किल्ली फिरवली. जीप लगेच सुरू. आई पदर खोचून ढकलायला बाहेर आली होती, ती तशीच परत फिरली.

मी कॅलेंडरपाशी गेले. आईला विचारलं, फुली म्हणजे धक्का, हे माहीत आहे. आडवी रेघ म्हणजे काय?

म्हणाली, तुझी ट्रंक दारातून ओढून फरशीवर ओरखडे पडतात ना, ते मला घासावे लागतात. त्या दिवसांची रेघ. तीही तुझ्या बापाला दाखवणार होते.

पाहिलं. मंगळवारी रेघ, बुधवारी फुली. शुक्रवारी रेघ, शनिवारी फुली. जानेवारीचं पान उलटलं. वाचनालय सुरू झालं त्या दिवसापासून रेघ, फुली, रेघ, फुली. त्याआधी दोन्ही नाहीत. एका जागी रेघेपुढे फुली नाही. तेरा तारीख. सिस्टरांचे गुडघे, पुढे ओढलेली ट्रंक.

कालही रेघ असून आज फुली नाही. काल ट्रंक गेली होती, पण परत आली नव्हती.

मी आईला म्हटलं, तू आधी का नाही सांगितलंस? आई म्हणाली, सांगितलं होतं की गं. तू कावळ्याचं काहीतरी बोलत होतीस. मग म्हटलं, शिकलेली आहे, हिला दिसतंय ते काहीतरी मोठं असेल. आपल्याला फरशीचंच दिसतं.

सकाळी १०

मीच जाऊन काकांना बोलावून आणलं. गाडी न धुता.

काकांनी डावी सीट उचलली आणि बॅटरीकडे पाहिलंसुद्धा नाही. खालची रबरी मॅट उचलली. मॅटखालून एक बारीक वायर. बाबा मागून म्हणाले, हीच ती, सहा वर्षांपूर्वी मी इथून फिरवली होती. आकृतीत नव्हती. वायरच्या एका जागी आवरण कापलेलं, आतलं तांबं चमकत होतं. ट्रंकेच्या पत्र्याच्या कोपऱ्याएवढीच चीर. काकांनी इंजिन चालू करायला लावलं, बोटानं वायर खाली दाबली, तांबं पत्र्याला टेकलं, दिवा लाल. बोट उचललं, विझला. दाबलं, लाल. तीन-चारदा केलं. मजा येत होती त्यांना.

काळी चिकटपट्टी, तीन इंच. वायर बाजूला सरकवून बांधली. वेळ: चार मिनिटं. त्यातली दीड मिनिटं कात्री शोधण्यात गेली.

काका म्हणाले, काखेत... बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका म्हण गिळून चहा प्यायला बसले.

दुपारी बाबा समोरच्या शिवणवालीला सांगत होते. आमच्या मुलीनं शोधून काढलं. नुसता वायरमन असता तर सापडलं नसतं, पद्धत लागते. शिवणवाली म्हणाली, म्हणून आत बसायची होय.

मी खिडकीतून ऐकलं. बाहेर जाऊन दुरुस्त करायला हवं होतं. सत्य सांगणं हा शास्त्राचा पाया आहे. गेले नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

अहवालात एकोणिसावं पान लिहिलं. दोषाचं ठिकाण: डाव्या सीटची जागा. मग वीस तारखेच्या ठळक वाक्यावर आणि त्याखालच्या दोन रेघांवर कागद चिकटवला. ऋणनिर्देशात आईचं नाव घातलं. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, ते राहू दे, ट्रंकेला खाली रबराचे तुकडे लाव, फरशी वाचेल.

ट्रंक वरच्या शाळेच्या ओट्यावरच ठेवायची ठरलं. वाचनालय एका जागी. मुलं तिच्यावर चढून खिडकीतून बघतात, असं वरून कळल्याचं सिस्टर म्हणाल्या.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सकाळी आरोग्य केंद्राची चिठ्ठी आली. फेरी बाबांकडेच. खाली अट एकच: डाव्या सीटखाली काहीही ठेवू नये. त्याच्याखाली पेन्सिलीनं सिस्टरांचं अक्षर: सीटवर माणूस चालेल. वजनाची चौकशी करू नये.

बाबांनी चिठ्ठी पदवीच्या चौकटीत, काचेच्या कडेला खोचून ठेवली.

फेरी. मी गेले. गोष्टीची चार पुस्तकं कापडी पिशवीत, मांडीवर. पहिल्या चढावर बाबा शीळ वाजवू लागले. मोठ्या चढावर सवयीनं मीटर काढायला हात खाली गेला.

मीटर ट्रंकेत. ट्रंक वर.

मोजमाप: नाही. गाडी: चालली.